गाणे हलके, लवाजमा जड : जुना संगणक मंद का होतो?



हिंगोली जिल्ह्यातील एखादी माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर आणा. सेनगाव, कळमनुरी, वसमत, कोणत्याही तालुक्यातली चालेल. संगणक कक्षात दहा-बारा वर्षांपूर्वीचे पाच संगणक आहेत. स्नेहसंमेलन जवळ आले आहे. गाण्याचा सराव व्हावा म्हणून एका संगणकावर संत नामदेवांचा अभंग लावलेला आहे. नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखली जाणारी नरसी ह्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा अभंग तर हवाच! त्याच संगणकावर सर निकालपत्रक तयार करीत आहेत. अभंग सुरू होतो आणि काही वेळातच संगणक अडखळू लागतो. कळ दाबली की आकडा दोन-तीन सेकंदांनी उमटतो. माउसचा बाण थांबतो, मग एकदम उडी मारतो. कोणीतरी म्हणते, ‘‘जुना झाला आता. गाणे लावले की दमतो. बदलायला हवा.’’

बदलायला पैसे लागतात. ते नसले की संगणकावर कापड पडते आणि वर्गाच्या वाट्याला पाचांऐवजी चारच यंत्रे उरतात. म्हणून निकाल देण्यापूर्वी निदान नीट केले पाहिजे. संगणक खरोखर गाण्यामुळे दमतो का? ह्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने नव्हे, तर गणिताने काढता येते. चला, हिशेब करू या.

गाणे म्हणजे आकड्यांची रांग

ध्वनी म्हणजे हवेतील दाबाचे चढउतार, हे तुम्ही शिकला आहात. संगणकाला हे चढउतार जसेच्या तसे साठवता येत नाहीत. त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून ठरावीक अंतराने दाब मोजायचा आणि प्रत्येक वेळी आलेला आकडा लिहून ठेवायचा, अशी युक्ती केली जाते. असे प्रत्येक मोजमाप म्हणजे ध्वनीचा एक नमुना.

एका सेकंदात किती नमुने घ्यावेत? कंपनाला एक उंचवटा आणि एक खोलगट भाग असतो. तेव्हा एका कंपनात निदान दोन मोजमापे तरी हवीतच. माणसाचा कान जास्तीत जास्त सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी ऐकू शकतो. म्हणजे सेकंदाला ४०,००० हून अधिक नमुने हवेत. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स ह्या कंपन्यांची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली, तेव्हा ही संख्या ४४,१०० अशी ठरलेली होती.

हीच नमुन्यांची पद्धत विज्ञानात सर्वत्र वापरली जाते. ह्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा गावाजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असणार आहेत. अमेरिकेतील लायगो वेधशाळांमध्ये मुख्य संकेताचे सेकंदाला १६,३८४ नमुने घेतले जातात. तेथे १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली गेली. सुमारे ०.२ सेकंदात तिची वारंवारता ३५ हर्ट्‌झपासून २५० हर्ट्‌झपर्यंत चढत गेली. ही वारंवारता कानाच्या टप्प्यातली असल्यामुळे ते आकडे ध्वनिवर्धकातून वाजवून शास्त्रज्ञांनी ती लहर लोकांना ‘ऐकवली’सुद्धा! दोन कृष्णविवरांची टक्कर असो की नामदेवांचा अभंग असो, संगणकाच्या दृष्टीने दोन्ही आकड्यांच्या रांगाच.

आता गाण्याचा हिशेब. प्रत्येक नमुन्याला २ बाइट जागा लागते. डावा आणि उजवा असे दोन ध्वनिमार्ग असतात. म्हणून एका सेकंदासाठी :

४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट

पाच मिनिटांच्या, म्हणजे ३०० सेकंदांच्या अभंगाला ५ कोटी २९ लाख २० हजार बाइट लागतील.

हा बोजा कमी करण्याची युक्ती जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतर संशोधकांच्या साथीने शोधली. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. पखवाजावर थाप पडते त्या क्षणी टाळाची हलकी किणकिण झाकली जाते. जे ऐकू येणारच नाही ते लिहायचे कशाला? अशा प्रकारे अनावश्यक भाग गाळून गाणे साठवण्याच्या पद्धतीला १९९५ मध्ये एमपी-३ हे नाव मिळाले. सेकंदाला १,२८,००० बिट ह्या प्रचलित दराने साठवलेल्या गाण्याला सेकंदाला १६,००० बाइट पुरतात. म्हणजे मूळच्या अकराव्या हिश्श्याइतकीच जागा. आपला पाच मिनिटांचा अभंग आता ४८ लाख बाइटांत मावतो.

प्रोसेसरला किती कष्ट पडतात?

जागा वाचली, पण एक काम वाढले. गाळून साठवलेल्या माहितीवरून मूळ नमुने पुन्हा तयार करावे लागतात. हे गणित संगणकाचा प्रोसेसर करतो. मग जुन्या प्रोसेसरला ते झेपत नसेल का?

१९९७ च्या सुमारास घरोघरच्या संगणकांवर एमपी-३ गाणी वाजू लागली. त्या वेळचा १०० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम प्रोसेसर, म्हणजे सेकंदाला १० कोटी ठोके देणारा, हे काम करू शकत असे. आपल्या शाळेतील ‘जुना’ संगणक समजा २ गीगाहर्ट्‌झचा आहे, म्हणजे सेकंदाला २०० कोटी ठोके. ठोक्यांतच २० पट अंतर पडले. शिवाय नंतरचे प्रोसेसर प्रत्येक ठोक्यात पूर्वीपेक्षा अधिक काम करतात. म्हणजे पेंटियमची सारी शक्ती गाण्यातच खर्ची पडत होती असे धरले, तरी आपल्या संगणकाच्या शक्तीचा विसावा हिस्सासुद्धा त्या कामाला लागणार नाही.

तेव्हा पहिला निष्कर्ष असा की गाणे हे हलके काम आहे. आरोपी दुसराच कोणीतरी आहे.

मग वेळ जातो कुठे?

लग्नात नवरदेव एकटाच असतो. जागा अडते ती वऱ्हाडामुळे. म्युझिक प्लेअरचेही तसेच आहे. गाणे वाजवण्याच्या मूळ कामाभोवती तो किती लवाजमा घेऊन येतो, ते पाहा.

नाचणाऱ्या आकृत्या : गाण्याच्या तालावर पडद्यावर रंगीत लहरी नाचताना तुम्ही पाहिल्या असतील. ८०० × ६०० ठिपक्यांच्या चौकटीत ४,८०,००० ठिपके असतात. सेकंदाला ३० चित्रे काढायची तर १ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. ध्वनीचे नमुने मात्र दोन्ही मार्ग मिळून सेकंदाला फक्त ८८,२००. भागाकार करून पाहा : सुमारे १६३ पट! कान ज्यात तृप्त होतो त्याच्या १६३ पट आकडे केवळ डोळ्यांच्या करमणुकीसाठी काढावे लागतात. चित्रांसाठी वेगळा प्रोसेसर नसलेल्या जुन्या संगणकात ह्या कामाचा मोठा भार मुख्य प्रोसेसरवरच पडतो.

मुखपृष्ठांची चित्रे : प्रत्येक गाण्याशेजारी ध्वनिमुद्रिकेचे चित्र दिसते. १,००० × १,००० ठिपक्यांचे चित्र डिस्कवर लहानसे असले, तरी पडद्यावर दाखवण्यासाठी ते उलगडावे लागते. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर एका चित्राला ४० लाख बाइट लागतात. आपला अख्खा अभंग ४८ लाखांचा आणि त्याचे नुसते चित्र ४० लाखांचे! अशी १०० चित्रे एकाच वेळी उलगडून ठेवली तर ४० कोटी बाइट. चित्र आधी लहान करून ठेवण्याची काळजी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने घेतली नसेल, तर ही जागा फुकट जाते.

गाण्यांची यादी : अनेक प्लेअर सुरू होताच डिस्कवरील सारी गाणी धुंडाळतात आणि प्रत्येकाचे नाव, गायक, साल वाचून यादी ताजी करतात. आपल्याला एकच गाणे हवे असते. प्लेअर मात्र तीन हजार गाण्यांची शिरगणती करीत बसतो. ही शिरगणती किती महाग पडते हे कळण्यासाठी डिस्ककडे वळू या.

टेबल आणि दूरचे कपाट

संगणकात माहिती मुख्यतः दोन ठिकाणी असते. रॅम म्हणजे कामाचे टेबल. ते लहान असते, पण हाताशी असते. हार्ड डिस्क म्हणजे कपाट. ते मोठे असते, पण दूर असते. किती दूर?

रॅममधील माहिती मिळायला सुमारे १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग पुरतो. हार्ड डिस्कमध्ये मात्र खरोखरच एक तबकडी फिरत असते. मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचक टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी सुमारे ९ मिलिसेकंद. एकूण १३ मिलिसेकंद. रॅमच्या तुलनेत हा वेळ १,३०,००० पट आहे!

ही संख्या अशी लक्षात ठेवा. टेबलावरची वही उचलायला जर १ सेकंद लागत असेल, तर कपाटातली वही आणायला १,३०,००० सेकंद, म्हणजे ३६ तास लागतील. हिंगोलीहून एसटीने मुंबईला जायचे, वही घ्यायची आणि परत यायचे, असा हा दीड दिवसाचा प्रवास झाला.

आता ती शिरगणती. ३,००० गाण्यांसाठी प्रत्येकी दोनच खेपा धरल्या तरी ६,००० × १३ मिलिसेकंद = ७८ सेकंद. एवढा वेळ डिस्कचे टोक इकडून तिकडे धावत असते आणि सरांची निकालपत्रकाची फाइल रांगेत उभी असते. प्रोसेसर त्या वेळी जवळजवळ रिकामाच असतो! संगणक दमलेला नसतो, तो वाट पाहत असतो.

टेबल भरले की काय होते?

समजा, संगणकाची रॅम १ गीगाबाइट, म्हणजे १,०२४ मेगाबाइट आहे. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमच्या संगणकाचे खरे आकडे तुम्ही मोजायचे आहेत.

ऑपरेटिंग सिस्टिम : ४५० मेगाबाइट
अँटिव्हायरस : २०० मेगाबाइट
निकालपत्रकाचा प्रोग्रॅम : १२० मेगाबाइट
एकूण : ७७० मेगाबाइट

इथवर सारे सुरळीत. आता २५० मेगाबाइट व्यापणारा म्युझिक प्लेअर उघडला. बेरीज १,०२० झाली. अजूनही जागा पुरते आहे. मग सरांनी आणखी एक पत्रक उघडले आणि सुमारे ५० मेगाबाइट जागा कमी पडली.

टेबलावर जागा नसली की ऑपरेटिंग सिस्टिम तातडीने न लागणारी पाने उचलून हार्ड डिस्कवर ठेवते आणि गरज पडली की परत आणते. ही पाने ४,०९६ बाइटांच्या गाठोड्यांनी हलवतात. ५० मेगाबाइट म्हणजे १२,८०० गाठोडी. ती डिस्कवर विखुरलेली असली तर १२,८०० × १३ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे १६६ सेकंद लागतील. पावणेतीन मिनिटे केवळ ने-आण! पुष्कळ गाठोडी शेजारीशेजारी असतात म्हणून प्रत्यक्षात वेळ कमी लागतो, पण संगणक गोठल्यासारखा वाटायला तेवढे पुरे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हा मंदपणा हळूहळू वाढत नाही. हळदीच्या पोत्यात शेवटचे ओंजळभर मावेपर्यंत काही बिघडत नाही. त्यापुढचे एक ओंजळ मात्र जमिनीवर सांडते. तसेच रॅम भरेपर्यंत संगणक चपळ असतो आणि ती भरताच एकदम कोसळतो. म्हणूनच ‘काल ठीक होता, आज गाणे लावताच बिघडला’ असे वाटते. हाच अभंग २० मेगाबाइट व्यापणाऱ्या साध्या प्लेअरवर लावला असता, तर बेरीज ७९० झाली असती आणि २३४ मेगाबाइट जागा शिल्लक राहिली असती.

तुम्ही विचाराल, ‘टंकलेखन अडते, मग गाणे का अडत नाही?’ त्याचे कारण टाकीत आहे. वीज जाते-येते, मोटर थांबते-सुरू होते, पण छतावरच्या टाकीत पाणी असेल तर नळ चालूच राहतो. प्लेअरही पुढचे नमुने तयार करून रॅममधील अशाच एका ‘टाकीत’ भरून ठेवतो. एका सेकंदाच्या गाण्याला १,७६,४०० बाइटांची टाकी पुरते. टाकी रिकामी होण्याआधी प्लेअरला पुन्हा संधी मिळाली की गाणे अखंड वाजते. तुमच्या बोटांची टाकी मात्र भरून ठेवता येत नाही, कारण तुम्ही पुढे कोणती कळ दाबणार हे संगणकाला आधी ठाऊक नसते!

प्रोग्रॅम जड का होत जातात?

विनॅम्प नावाच्या प्लेअरची कथा ह्या बाबतीत बोधप्रद आहे. १९९७ मध्ये जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्दिरेव्ह ह्या तरुणांनी तो तयार केला. तो छोटा आणि चपळ होता म्हणूनच लोकप्रिय झाला. २००२ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. ती नव्याने लिहिलेली आणि अनेक सोयींनी भरलेली होती, पण जड होती. पुष्कळ लोक जुन्या दुसऱ्या आवृत्तीवरच राहिले. शेवटी २००३ मध्ये दुसरीचा चपळपणा आणि तिसरीच्या सोयी एकत्र करून नवी आवृत्ती काढावी लागली. दोन आणि तीन मिळून पाच म्हणून तिला थेट ‘पाच’ हा क्रमांक दिला गेला!

पास्कल ही संगणकभाषा घडवणारे स्विस शास्त्रज्ञ निकलाउस विर्थ ह्यांनी १९९५ मध्येच ह्या रोगावर बोट ठेवले होते. यंत्रे जितक्या वेगाने जलद होतात, त्याहून अधिक वेगाने प्रोग्रॅम संथ होतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २००१ मधील विंडोज एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट रॅम लागे. २०२१ मधील विंडोज ११ ला किमान ४ गीगाबाइट लागते. वीस वर्षांत बरोबर ६४ पट वाढ! ह्यातील काही वाढ सुरक्षिततेसाठी आणि चांगल्या सोयींसाठी आवश्यक होती, हे खरे. पण अभंग तेवढाच राहिला. त्याचा एकही नमुना वाढलेला नाही.

करून पाहा

साहित्य : जुना संगणक, घड्याळ, वही.

कृती : विंडोज संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती गुंतली आहे हे दिसते. (काही जुन्या विंडोजमध्ये डिस्कचा आकडा ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये सापडतो.) पुढील पाच स्थितींत हे तीन आकडे लिहून घ्या.

१. इतर काहीही न उघडता.
२. प्लेअर उघडा, पण गाणे लावू नका.
३. गाणे लावा.
४. नाचणाऱ्या आकृत्या सुरू करा.
५. प्लेअर बंद करून साध्या, हलक्या प्लेअरवर तेच गाणे लावा.

प्रत्येक स्थितीत एकच मोठी फाइल उघडायला किती सेकंद लागतात तेही मोजा. तीनदा मोजून सरासरी काढा, पण पहिला वेळ वेगळा लिहा. एकदा उघडलेली फाइल रॅममध्ये शिल्लक असते, त्यामुळे ती दुसऱ्यांदा लवकर उघडते. हे ठाऊक नसले तर निष्कर्ष चुकतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही.

निदान : प्रोसेसरचा आकडा ९०-१०० टक्क्यांवर असेल तर आकृत्यांसारखी कामे शोधा. मेमरी भरलेली आणि डिस्क १०० टक्के असेल तर टेबल लहान पडते आहे. मेमरी रिकामी, पण डिस्क १०० टक्के असेल तर शिरगणती चालू आहे. तिन्ही आकडे कमी असूनही संगणक मंद असेल तर पंख्याकडे पाहा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा बचाव करण्यासाठी आपणहून वेग कमी करतो.

उपाय : प्लेअरमधील आकृत्या, चित्रे आणि ‘फोल्डरवर लक्ष ठेवा’ ही सोय बंद करा. संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम थांबवा. पंख्याची धूळ संगणक बंद करून, वीजजोडणी काढून, शिक्षकांच्या देखरेखीखाली साफ करा. पैसे थोडेच असतील तर नव्या संगणकाऐवजी आधी रॅम वाढवावी, किंवा फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. एसएसडीत काहीच फिरत नसल्यामुळे १३ मिलिसेकंदांचे काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होते.

दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर दोष प्रोग्रॅमचा नव्हे, डिस्क खरोखरच खराब होत आहे. आधी सर्व फाइलींची प्रत काढून घ्या. आणि ज्या ऑपरेटिंग सिस्टिमला सुरक्षा सुधारणा मिळणे थांबले आहे, ती इंटरनेटला जोडू नका. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. गाणी वाजवायला आणि निकालपत्रक करायला इंटरनेट लागत नाही, तेव्हा असा संगणक त्या कामासाठी खुशाल ठेवता येईल.

स्वाध्याय

१. दूरध्वनीसाठी सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी १ बाइट, एकच ध्वनिमार्ग वापरला, तर एका मिनिटाच्या बोलण्याला किती बाइट लागतील?
२. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कच्या एका फेऱ्याला किती वेळ लागतो? सरासरी किती थांबावे लागेल?
३. ६४० × ४८० ठिपक्यांची आकृती सेकंदाला २५ वेळा काढली, तर ठिपक्यांची संख्या ध्वनीच्या नमुन्यांच्या किती पट होईल?
४. एका संगणकावर गाणे अखंड वाजते, प्रोसेसर केवळ १० टक्के गुंतलेला आहे, तरी फाइल उघडायला एक मिनिट लागते. तुम्ही प्रथम कोणता आकडा पाहाल आणि का?

उत्तरे : (१) ४,८०,००० बाइट. (२) ११.१ मिलिसेकंद, सरासरी सुमारे ५.६ मिलिसेकंद. (३) सुमारे ८७ पट. (४) ह्याचे उत्तर वर्गात चर्चा करून लिहा, आणि जमल्यास शाळेतील कापडाखाली झाकलेल्या एखाद्या संगणकावर ते पडताळून पाहा.